पाठीचा कणा सरळ करताना पेशंटला मधेच उठवायचं असेल तर कुठलं औषध चांगलं? भूलतज्ज्ञाच्या नजरेतून रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच वाचायला येतात. वाकडा कणा सरळ करायच्या ऑपरेशनसाठी आज जी औषधं हाताशी आहेत त्यात माझी पहिली पसंती प्रोपोफॉल, जोडीला थोडंसं डेक्समेडेटोमिडीन, आणि दुखण्यासाठी रेमिफेंटानिल मिळालं तर ते, नाहीतर फेंटानिल नीट हिशोबाने. सेवोफ्लुरेन हा भुलीचा गॅस मला एरवी खूप आवडतो पण ह्या कामाला नाही. मिडाझोलाम अगदी जपून. केटामाइन थोड्या मात्रेत चांगलं आणि त्याची लोकांना वाटते तेवढी भीती बाळगायचं कारण नाही. का ते आता सविस्तर लिहिते, लांबलंय, पण ज्यांच्या घरात असं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी आणि भूलशास्त्र शिकणाऱ्या नव्या मुलामुलींनी जरा वेळ काढून वाचा.

मी भूलतज्ज्ञ आहे, मणक्याच्या केसेस बरीच वर्षं करतेय. पेशंटचे आईवडील भुलीबद्दल एकच विचारतात, डॉक्टर नीट झोपेल ना ती, मधे जाग नाही ना येणार. बाकी ऑपरेशनांना हा प्रश्न बरोबरच आहे. पण स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे ह्या वाकड्या कण्याच्या ऑपरेशनात, कधीकधी आम्हीच मुद्दाम जाग आणतो, पाठ उघडी असताना, स्क्रू आणि रॉड बसलेले असताना, आणि सांगतो की बाळा पाय हलव. ऐकूनच पोटात गोळा येतो, माहितीये मला. म्हणून इथे औषधाची परीक्षा दोनदा होते, एकदा झोपवताना आणि एकदा सोडताना, आणि माझ्या मते खरी परीक्षा ही दुसरी. झोपवतात सगळीच औषधं.

स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वळतो आणि सोबत स्वतःभोवती पिळतोही. एक्सरेवर कॉबचा कोन मोजतात, 10 अंश किंवा त्याहून जास्त असला तर स्कोलिओसिस म्हणायचं, वाढत्या वयात साधारण 25 ते 40 मध्ये ब्रेस म्हणजे पाठीचा पट्टा, आणि 45-50 च्या पुढे गेला की सर्जन ऑपरेशनचं बोलायला लागतात. मोठा बाक असणाऱ्यांत मुली जास्त, वयात येतानाच्या. ऑपरेशनमध्ये मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू घालतात, त्यांना रॉड जोडतात आणि मग रॉड फिरवून, कुठे ताणून कुठे दाबून कणा जमेल तेवढा सरळ करतात, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळे ह्याला करेक्शन म्हणतात. अडचण अशी की ह्याच कण्यातून मज्जारज्जू जातो आणि तो, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट, वर्षानुवर्षं त्या वळणात बसलेला असतो. हाड सरळ झालं आणि त्याला ताण बसला किंवा त्याच्या पुढच्या भागाचं रक्त कमी पडलं तर पायातली ताकद जाऊ शकते. फार क्वचित होतं, साध्या इडिओपॅथिक, म्हणजे ठरावीक कारण न सापडणाऱ्या, केसेसमध्ये शंभरात एकापेक्षाही कमी. पण चालत आलेली पोर चालत घरी गेली पाहिजे, ह्यात आम्ही कोणीच तडजोड मानत नाही.

आता झोपलेल्या माणसाला पाय हलतोय का हे विचारणार कसं? ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टननी पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी रॉड बनवला आणि 1962 मध्ये त्यावर लिहिलं, त्यानंतर बरीच वर्षं ऑपरेशन संपून पेशंट पूर्ण जागा होईपर्यंत पायाचं काय झालंय ते सर्जनला कळायचंच नाही. कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. मग 1973 मध्ये फ्रान्समधल्या व्होझेल, स्टॅग्नारा आणि जूव्हिनरू ह्यांनी मांडलं की एवढं थांबायचं कशाला, रॉड बसला की तिथेच भूल हलकी करा आणि पेशंटलाच विचारा. तीच स्टॅग्नारा वेक-अप टेस्ट. पन्नास वर्षं झाली, अजून वापरतो.

मधल्या काळात न्यूरोमॉनिटरिंग आलं आणि खरंच मोठी सोय झाली. डोक्याच्या कातडीत बारीक सुया लावून मेंदूच्या वरच्या भागाला विजेचा झटका देतात आणि तो हातापायाच्या स्नायूंपर्यंत पोचतो का बघतात, हे एमईपी. उलट घोट्याजवळच्या नसेला झटका देऊन डोक्यावर सिग्नल पकडतात ते एसएसईपी. दोन्ही लागतात, कारण एसएसईपी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून, संवेदनेच्या वाटेने जातं आणि हालचालीची वाट पुढे आणि बाजूला असते, त्यामुळे एसएसईपी छान दिसत असताना पाय गेलेला असू शकतो. पूर्वी फक्त एसएसईपी होतं तेव्हा हे घडलंय. वेक-अप टेस्ट एका क्षणाचं चित्र दाखवते, मॉनिटरिंग पूर्ण ऑपरेशनभर चालू राहतं. मग आता उठवायची गरज काय? तर सिग्नल पडला आणि उपाय करूनही परत आला नाही, किंवा मशीनवर भरवसा ठेवता येत नाही, किंवा मशीनच नाही, तेव्हा. आणि मशीन नसणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाहीये आपल्याकडे.

हे सगळं आधी सांगायचं कारण औषध निवडताना हेच डोक्यात असतं. औषधाने सिग्नल मारायला नको, आणि उठवायचं म्हटलं की पेशंट शहाण्यासारखा उठायला हवा. म्हणजे धडपडत, ओरडत, नळी चावत नको. डोळे उघडून, सांगितलेलं ऐकून, पाय हलवून परत झोपायला तयार असा.

तर प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन ह्यांचं इमल्शन. शाकाहारी घरातले आईवडील कधीकधी विचारतात, मी खरं ते सांगते आणि आजवर कोणी ह्या कारणावरून अडून बसलेलं नाही. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ते बहुतेक वेळा चालतं, कारण ती ॲलर्जी जास्त करून पांढऱ्या भागाची असते, पण ॲलर्जी असली तर आधी सांगाच. 1986 पासून हे वापरात आहे, शोधलं ते इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत काम करणाऱ्या जॉन ग्लेन नावाच्या पशुवैद्याने, त्यासाठी त्यांना 2018 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, कारण रोज सकाळी हात आधी त्या ॲम्प्यूलकडेच जातो.

ह्याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते सोडतं छान. पंप कमी केला की पेशंट हळूहळू वर येतो, डोकं जड नाही, मळमळ कमी, आणि बोललेलं कळतं. पण लांबलचक केसमध्ये हेही अंगात साठतं, हे नवीन लोक विसरतात. तीन तासांच्या आतल्या केसमध्ये औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण दहा मिनिटं, आणि आठ तास चालवलं तर ती वेळ वाढत वाढत चाळीसच्या जवळपास जाऊ शकते. स्कोलिओसिस म्हणजे पाच-सहा-सात तासांचं काम, त्यामुळे सर्जननी वीस-तीस मिनिटं आधी सांगायला हवं की मी करेक्शनला येतोय. चांगले सर्जन सांगतात. तोट्यांचं म्हणाल तर बीपी पाडतं, हातात जाताना आग होते, दुखणं अजिबात कमी करत नाही, आणि तेलकट असल्यामुळे त्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उघडलेली ॲम्प्यूल सहा तासांच्या पुढे ठेवायची नाही. वाचवून दुसऱ्या पेशंटला तर कधीच नाही.

आणि एक गोष्ट जी मला ह्या पूर्ण विषयात सगळ्यात जास्त खटकते ती इथे लिहिते. शिरेतून भूल देताना, म्हणजे टीआयव्हीएमध्ये, औषध पोचतंय की नाही हे सांगणारं मीटर नसतं. गॅस असला तर पेशंट बाहेर सोडत असलेल्या हवेतलं प्रमाण स्क्रीनवर दिसतं, प्रोपोफॉलचं तसं नाही. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, सिरिंज पंपाची बॅटरी संपत आलेली आणि प्लगचं बटण बंद, अलार्म वाजला पण सक्शनच्या आवाजात कोणाला ऐकू आला नाही, सिस्टरांचं लक्ष गेलं म्हणून बरं झालं. पंप चार्ज आहे ना, मेन्सवर चालतोय ना, सुई चादरीखाली गेलेली नाही ना, दर थोड्या वेळाने डोळ्याने बघायचं. पालथ्या पेशंटचे हात डोक्याच्या बाजूला वर ठेवतो त्यामुळे कॅन्युला, म्हणजे शिरेतली ती सुई, दिसते, ती झाकूच द्यायची नाही. बीआयएस मॉनिटर लावायचा, कपाळावरची पट्टी असते, मेंदूच्या लहरींवरून आकडा देते, 40 ते 60 मध्ये ठेवायचा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2014 साली ह्यावर मोठा अहवाल आला होता, भुलीत नकळत जाग आल्याच्या तक्रारी साधारण एकोणीस हजार भुलींमागे एक अशा होत्या. म्हणजे कमीच, पण त्यांनी टीआयव्हीए शिकवण्यावर आणि सुई दिसती ठेवण्यावर जोर दिला होता आणि माझ्या मते ते शंभर टक्के बरोबर आहे.

प्रोपोफॉलला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या न दिसणाऱ्या मीटरसाठी कापला.

डेक्समेडेटोमिडीनबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त आवडेल. हे झोपवतं ते वेगळ्याच वाटेने, मेंदूच्या बुडाशी जागेपणाचं एक छोटं केंद्र आहे तिथला नॉरॲड्रेनालिनचा पुरवठा कमी करतं, त्यामुळे जी झोप येते ती खऱ्या झोपेच्या जवळ जाणारी असते. पेशंट झोपलेला असतो, तुम्ही नावाने हाक मारली की डोळे उघडतो, सांगितलं ते करतो, आणि सोडलं की परत झोपतो. श्वासही फारसा दाबत नाही. वेक-अप टेस्टला अजून काय पाहिजे! अमेरिकेत 1999 मध्ये ह्याला आयसीयूत वापरायला मान्यता मिळाली, आता आपल्याकडे भारतीय कंपन्यांचे ब्रँड सहज मिळतात. मी प्रोपोफॉलच्या जोडीला कमी मात्रेत चालवते, त्यामुळे प्रोपोफॉल कमी लागतं, फेंटानिल कमी लागतं, आणि उठवायच्या वेळी प्रोपोफॉल बंद करून हे एकटं हळू चालू ठेवलं की पेशंट शांतपणे वर येतो. धडपड होत नाही. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्याशिवाय ही केस करायला मला जड जातं.

पण म्हणून डोळे झाकून देऊ नका. नाडी मंदावते, कधीकधी चाळीसपर्यंत उतरते, बीपी पडतं, आणि घाईघाईत एकदम ढकललं तर उलट आधी बीपी चढतं मग पडतं, म्हणून सुरुवातीचा डोस दहा मिनिटांत सावकाश. मात्रा वाढवली तर एमईपी सिग्नलही बारीक होतात, मग टेक्निशियन विचारायला लागतो मॅडम काय दिलं. आणि ह्याचं शरीरातून जाणं तसं सावकाश, अर्धं जायला दोन तासांच्या आसपास, त्यामुळे जास्त दिलं तर ऑपरेशननंतर पेशंट उगाच गुंगीत राहतो आणि पायाची तपासणी नीट होत नाही. थोडं द्यावं. थोडं दिलं तर पाचपैकी पाच.

दुखण्याच्या औषधांमध्ये रेमिफेंटानिल म्हणजे ह्या कामासाठी जणू ऑर्डर देऊन बनवलेलं. रक्तातली आणि स्नायूंतली एन्झाइम्सच ते मोडतात, त्यामुळे एक तास चालवा नाहीतर आठ तास, बंद केल्यावर तीन-चार मिनिटांत निम्मं होतं. तोटा हाच की बंद केल्यावर मागे काहीच शिल्लक राहत नाही, पेशंट दुखण्यात उठतो, म्हणून वेक-अपच्या वेळी पूर्ण बंद करायचं नाही, अगदी थोडं चालू ठेवायचं, आणि शेवटी मॉर्फिन वेळेवर द्यायचं. आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही हे, त्यामुळे बहुतेक जण फेंटानिलवरच काढतो. फेंटानिल चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, हाताखालचं आहे, पण तासन्तास चालवलं की चरबीत मुरतं आणि मग उतरायला घेतं भरपूर वेळ. पेशंट डोळे उघडतो पण श्वास घ्यायचा विसरतो असा प्रकार. करेक्शनच्या तासभर आधीपासून ते कमी करत आणायचं, हे मी शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. आणि घाई झाली म्हणून नॅलॉक्सोन, म्हणजे फेंटानिलचा उतारा, देऊन उठवणं मला अजिबात मान्य नाही, दुखणं एकदम उसळतं, बीपी चढतं, पेशंट टेबलावर उसळी मारतो. पाठ उघडी आहे हो त्याची.

सेवोफ्लुरेनचं वाईट वाटतं. लहान मुलांना मास्कवर झोपवायला ह्याच्यासारखं काही नाही, बहुतेक फुप्फुसातूनच बाहेर जातं त्यामुळे उठायलाही चटकन. नुसती वेक-अप टेस्ट करायची असती आणि मॉनिटरिंग नसतं तर मी ते मनापासून वापरलं असतं. पण गॅस कुठलाही असो, सेवो, आयसो, डेस, मात्रा वाढली की एमईपी सपाट करतात. नायट्रसही तेच करतं. अर्ध्या मात्रेत चालतं असं मानणारे चांगले भूलतज्ज्ञ आहेत, पण सिग्नल पडला की मला एक शंका कमी हवी असते, हे गॅसमुळे तर नाही ना, म्हणून मी मुळात लावतच नाही. डेसफ्लुरेन ह्यात सगळ्यात लवकर उतरतं, पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट, स्कॉटलंडने 2023 मध्ये आपल्या सरकारी हॉस्पिटलांतून ते काढूनच टाकलं.

मिडाझोलाम टेबलावर घ्यायच्या आधी भीती घालवायला थोडं, बस. लोक देतात ते ह्यासाठी की मधल्या जागेपणाची आठवण राहू नये, हेतू चांगला आहे. पण जास्त झालं की पेशंट उठतो आणि सांगितलेलं काही करत नाही, आणि मग पाय हलत नाहीये म्हणजे मज्जारज्जूला काही झालंय की नुसती गुंगी आहे हे कोण सांगणार? फ्लुमाझेनिलने मिडाझोलाम उलटवता येतं, त्या पद्धतीनेही वेक-अप टेस्ट केल्या गेल्यात, फक्त फ्लुमाझेनिल आधी उतरतं आणि मिडाझोलाम मागे उरतं, पेशंट परत गुंगतो. तीन.

केटामाइन कमी मात्रेत मी जोडीला देते. एमईपी सिग्नल टिकवतं, उलट थोडे वाढवतंच, बीपी धरून ठेवतं आणि ऑपरेशननंतर दुखणं कमी करतं. भलतीसलती स्वप्नं पडतात ते जास्त मात्रेत, प्रोपोफॉलच्या सोबत थोडं दिलं तर मी क्वचितच बघितलंय. चार.

स्नायू ढिले करायचं औषध झोपेचं नाही, पण ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा राहील. नळी घालताना एकदाच, मग नाही. स्नायूच ढिले असतील तर एमईपी दिसणार कसं आणि पाय हलणार कसा. ड्यूशेन डिस्ट्रॉफी ह्या स्नायूंच्या आजाराची मुलं असतील तर सक्सामेथोनियम हे स्नायू ढिले करायचं औषधही नाही आणि गॅसही नाही, ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं. आणि ज्या मुलांना ऐकू येत नाही किंवा समज कमी आहे त्यांची वेक-अप टेस्ट जवळजवळ होतच नाही, तिथे सगळा भार मॉनिटरिंगवर.

आता प्रत्यक्ष उठवणं कसं असतं ते सांगते. साताऱ्याकडची एक चौदा वर्षांची मुलगी, कबड्डी खेळणारी, कोन साठीच्या वर. आदल्या दिवशी पीएसीला, म्हणजे भुलीआधीच्या तपासणीला, मी तिच्याजवळ बसले, घरी काय म्हणतात विचारलं, ठमी म्हणतात म्हणाली. तिला सांगितलं की उद्या कदाचित मी तुला मधेच हाक मारेन, घशात नळी असेल त्यामुळे बोलता येणार नाही, घाबरायचं नाही, आधी मूठ आवळायची, मग पायाची बोटं हलवायची, की लगेच परत झोप. वॉर्डच्या कॉटवर तिला पालथं झोपवून, डोळे मिटायला लावून तालीम केली. आई शेजारी उभी राहून पदराने डोळे पुसत होती, पण मुलगी एकदम पक्की. म्हणाली, दोन्ही पायांची का एकाची?

दुसऱ्या दिवशी करेक्शन झालं आणि दोन-तीन मिनिटांत उजव्या पायाचा एमईपी पडला. डावा ठीक, हात ठीक. अशा वेळी ओटीत काय होतं ते बघण्यासारखं असतं, कोणी आवाज चढवत नाही, सर्जन हात थांबवतात, मी बीपी वर घेते, सरासरी 80-85 च्या वर, हिमोग्लोबिन, अंगाचं तापमान, कार्बन डायऑक्साइड सगळं बघते, स्नायूंचं औषध चुकून गेलं नाही ना, टेक्निशियन सुया तपासतो, सर्जन रॉडचा ताण सोडतात. सिग्नल आला, पण अर्धवट. सर्जन म्हणाले उठवूया.

प्रोपोफॉल बंद, फेंटानिल आधीच कमी केलेलं, डेक्समेडेटोमिडीन हळू चालू. जखमेत सलाइन भरून ठेवलं, कारण पेशंटने एकदम खोल श्वास घेतला तर उघड्या शिरांतून हवा आत ओढली जाऊ शकते. एक जण डोकं आणि नळी धरून, ह्या सगळ्यात नळी निघणं सगळ्यात वाईट, पालथ्या पेशंटला परत नळी घालणं म्हणजे कठीण काम. वॉर्डबॉय मामा पायाशी, चादर वर करून, त्यांची नजर फक्त बोटांवर. बीआयएस पन्नासवरून साठ, सत्तर. मी टेबलाखालून तिच्या चेहऱ्याशी वाकून हाक मारली, ठमे, मूठ आवळ. काही नाही. परत हाक. मग माझी बोटं तिने अशी घट्ट आवळली की काय सांगू. हात आधी विचारायचा तो ह्यासाठीच, हात हलला म्हणजे मुलगी जागी आहे आणि ऐकतेय, आता पाय हलला नाही तर ते गुंगीमुळे नाही. आता पायाची बोटं हलव. मामा म्हणाले डावा हलला. उजवा? थांबले सगळे. हाक परत मारली, उजवा पाय ठमे. अंगठा हलला, मग पूर्ण पाऊल.

लगेच प्रोपोफॉल दिलं आणि ती झोपली. सर्जननी तेवढ्याच करेक्शनवर थांबायचं ठरवलं, थोडा बाक राहिला, राहू दे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली तुमचा आवाज आठवतो, दुखलं नाही. बऱ्याच मुलांना काहीच आठवत नाही, काहींना एवढंच आठवतं, आणि ज्यांच्याशी आधी नीट बोलणं झालंय त्यांना त्या आठवणीचा त्रास झालेला मी पाहिला नाही. त्यामुळे माझ्या मते आदल्या दिवशीची ती पंधरा मिनिटं कुठल्याही ॲम्प्यूलइतकीच महत्त्वाची आहेत, आणि त्यांचं बिल लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर प्रोपोफॉल, फेंटानिल, केटामाइन ही स्वस्त औषधं, बिलात जास्त जातं ते इम्प्लांट आणि मॉनिटरिंगचं. म्हणून काही ठिकाणी मॉनिटरिंग लागणार नाही म्हणून वगळतात, आणि पेशंटला ते माहीतही नसतं. मॉनिटरिंग नसेल तर वेक-अप टेस्ट व्हायलाच हवी, आणि तशी ती मोठ्या सरकारी हॉस्पिटलांतही उत्तम होते, त्यासाठी मशीन लागत नाही, माणसं तयार लागतात.

पालकांनी पीएसीला गेल्यावर विचारायचं ते असं: एमईपी आणि एसएसईपी दोन्ही आहेत का, त्याचा टेक्निशियन पूर्ण वेळ ओटीत असतो का, मधे उठवायची वेळ आली तर मुलीशी आधी कोण बोलणार, आणि हाक मारणारा आवाज तोच असणार का. मराठी न येणारे डॉक्टर असतील तर हाक मारायला मराठी बोलणारी सिस्टर आदल्या दिवशीच मुलीला भेटवून ठेवा असं सांगा, सहसा कोणी नाही म्हणत नाही. घरची औषधं, ॲलर्जी, आधीच्या भुलीत घरात कोणाला काही झालं होतं का, तेही न विचारता सांगा. आणि ब्रँडचं नाव विचारत बसू नका, तो आमचा प्रश्न, कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालतं.